बजेट गेमिंग पीसी: सुटे भाग निवडण्यापासून पहिल्यांदा सुरू करेपर्यंत

"आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, आरजीबी कॅबिनेट, विंडोज टाकून, एक वर्ष वॉरंटी." अशी जाहिरात तुम्ही कधी ना कधी पाहिलीच असेल. दहावी-बारावीचे निकाल लागले की अशा जाहिरातींना ऊत येतो. आकडे भारदस्त, किंमत आवाक्यातली, आणि पैसे देणाऱ्या आईवडिलांनाही "आय७ आहे म्हणजे चांगलाच असणार" असं वाटतं. खरेदीच्या आधी ही एक ओळ नीट वाचता आली, तर निम्मं काम झालं.

"आय७" हे घराण्याचं नाव आहे. या किमतीत मिळणारा आय७ बहुतेक वेळा तिसऱ्या पिढीचा असतो, म्हणजे २०१२ सालचा आय७-३७७०. तो ज्या मदरबोर्डवर (पुढे नुसता बोर्ड) बसतो त्यावर डीडीआर३ ही जुन्या पिढीची रॅम लागते. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, कारण इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर धरले आहेत. आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २०२२ साली आलेला साधा आय३-१२१०० गेममध्ये या आय७ ला सहज मागे टाकतो. दोघांनाही चारच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत, पण मधे दहा वर्षांची सुधारणा आहे.

आता "४ जीबी ग्राफिक्स कार्ड". ते बहुधा जीटी ७३० निघतं, २०१४ सालचं. ४ जीबी ही त्याची साठवण झाली. ती मेमरी किती वेगाने वाचता येते यावर गेम चालतो. जीटी ७३० च्या ६४ बिट डीडीआर३ आवृत्तीचा हा वेग सेकंदाला १४.४ जीबी आहे. आरएक्स ६६०० या बजेटमधल्या कार्डाचा वेग आहे सेकंदाला २२४ जीबी. म्हणून दुकानदार जेव्हा फक्त जीबी सांगतो, तेव्हा त्याला एकच विचारायचं: "मॉडेल कोणतं?"

पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं. कोटेशनवर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या. जिथे मॉडेल लिहायला टाळाटाळ होते, तिथेच पैसे वाचवलेले असतात, आणि ते तुमचे नसतात.

आधी गेम, मग मॉनिटर

पीसी कशासाठी हवाय हे कागदावर लिहा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धात्मक गेम खेळायचे असतील तर प्रोसेसर महत्त्वाचा, कारण तिथे सेकंदाला शंभर-दीडशे फ्रेम (स्क्रीनवर एकामागून एक येणारी चित्रं) हव्या असतात. जीटीए ५, रेड डेड रिडेम्प्शन २ यांसारखे मोठ्या जगात फिरवणारे गेम असतील तर ग्राफिक्स कार्डवर जास्त भार येतो. सोबत व्हिडिओ एडिटिंग किंवा इंजिनीअरिंगचं सॉफ्टवेअर चालवणार असाल तर तेही लिहा.

बजेटमध्ये मॉनिटर १०८० पीचाच (१९२० x १०८० पिक्सेलचा) घ्या. १४४० पीला जवळपास पावणेदोन पट पिक्सेल रंगवावे लागतात आणि तो भार बजेट कार्डाला झेपत नाही. आयपीएस पॅनल (रंग चांगले दाखवणारा पडदा) आणि १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याच्या पुढचा मॉनिटर मिळाला तर उत्तम. तो पुढच्या दोन पीसींनाही पुरेल. घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर आत्ता तोच वापरा आणि वाचलेले पैसे कार्डात घाला.

ग्राफिक्स कार्ड: सर्वांत मोठा घास

सीपीयूच्या खोक्यासाठी, म्हणजे मॉनिटर-कीबोर्ड सोडून, जे पैसे ठरवलेत त्यातले पस्तीस ते चाळीस टक्के ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला काढा. गेमिंग पीसीत हे प्रमाण उलटं झालं, म्हणजे कार्डापेक्षा प्रोसेसर-बोर्ड महाग झाला, की समजायचं काहीतरी चुकतंय.

१०८० पीसाठी गेली काही वर्षं माझं पहिलं नाव आरएक्स ६६०० आहे. २०२१ मध्ये आलं, ८ जीबी मेमरी, १३२ वॅट वीज. बऱ्याच गेममध्ये हाय सेटिंगवर ६० फ्रेमच्या वर राहतं. थोडे जास्त पैसे असतील तर आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० बघा. इंटेलचं आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं कार्ड १२ जीबी मेमरी देतं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय असलेला बोर्ड लागतो आणि जुन्या किंवा कमी ताकदीच्या प्रोसेसरसोबत ते मागे पडतं. पहिल्याच पीसीला मी ते सुचवत नाही.

इथे नावांचा गोंधळ फार आहे, तेव्हा दोन उदाहरणं जवळून बघूया. आरटीएक्स ३०५० या नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत. ८ जीबीचं २०२२ मध्ये आलं, त्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची मेमरी. ६ जीबीचं २०२४ मध्ये आलं, त्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. फरक फक्त २ जीबीचा दिसतो, पण आतलं कार्डच लहान आहे. ६ जीबीच्या कार्डाची एक जमेची बाजू आहे: ते ७० वॅटवर चालतं, त्यामुळे त्याच्या बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. ऑफिसमधून आलेला जुना ब्रँडेड पीसी घरात असेल तर त्यात घालायला ते योग्य. नव्या पीसीसाठी त्याच्या मागे जाऊ नका.

दुसरं उदाहरण आरएक्स ६५०० एक्सटीचं. नाव ६६०० च्या शेजारचं, पण मेमरी ४ जीबी आणि बोर्डशी बोलायला फक्त चार लेन (माहितीचे मार्ग). पीसीआयई ३.० च्या, म्हणजे कार्ड जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या, बोर्डवर या चार लेनचा वेग निम्मा होतो आणि मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, त्यामुळे गेम रेकॉर्ड किंवा लाइव्ह करायचा असेल तर सगळा बोजा प्रोसेसरवर.

सेकंडहँड घ्यायचं का? ओळखीतलं, बिल असलेलं आणि वॉरंटी शिल्लक असलेलं कार्ड जरूर घ्या. अनोळखी माणसाकडून घेताना त्याच्याच पीसीवर अर्धा तास भारी गेम चालवून बघा, पंख्यांचा आवाज ऐका आणि जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. एनव्हिडियाच्या (जीटी, आरटीएक्सवाल्या कंपनीच्या) जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवलेलं असेल तर बहुतेक वेळा ते सॉफ्टवेअर तसं स्पष्ट दाखवतं. आरएक्स ५८० घेत असाल तर त्यात शेडर, म्हणजे कार्डाचे छोटे कोअर, किती आहेत ते तिथेच बघा: मूळ कार्डात २३०४ असतात, आणि त्याच नावाने २०४८ चं कार्डही भरपूर विकलं जातं.

प्रोसेसर आणि बोर्ड एकत्र ठरवा

प्रोसेसर कोणत्या सॉकेटचा (बोर्डवरच्या कोणत्या खाचेत बसणारा), यावर बोर्ड आणि रॅम दोन्ही ठरतात. आज बजेटमध्ये तीन वाटा आहेत. एएमडीचं एएम४ सॉकेट, त्यात डीडीआर४ रॅम. इंटेलचं एलजीए १७००, त्यात बोर्डप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५. आणि एएमडीचं एएम५, जिथे फक्त डीडीआर५ चालते. एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलंय, त्यामुळे तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर ती वाट चांगली. हात आखडता असेल तर एएम४ वरचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही आरएक्स ६६०० ला पुरून उरतात. त्याहून खाली आय३-१२१००एफ आहे. चार कोअर असले तरी सुरुवातीला तो निभावून नेतो.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्या. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. रायझन ५ ५६०० चंही तसंच. रायझन ५ ५६००जी मध्ये मात्र ग्राफिक्स आतच आहे, पण त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ५६०० च्या निम्मी, १६ एमबी, आणि तो पीसीआयई ३.० वरच चालतो.

तरीही ज्यांच्याकडे आत्ता कार्डापुरते पैसे नाहीत, त्यांना मी ५६००जी मनापासून सुचवतो. रॅमच्या दोन कांड्या लावल्या की त्याच्या ग्राफिक्सला सेकंदाला ५१.२ जीबीचा वेग मिळतो. वरच्या जीटी ७३० शी ताडून पाहा. त्यावर व्हॅलोरंट झकास चालतं, जीटीए ५ सेटिंग उतरवून चालतं. सहा-आठ महिन्यांनी पैसे जमले की आरएक्स ६६०० सारखं कार्ड घाला. फक्त एक पथ्य पाळा: एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, पहिल्या दिवसापासून त्या कार्डाच्या ताकदीचा घ्या.

बोर्डावर उधळपट्टी नको. ५६०० साठी बी५५० पुरेसा, बी४५० ही चालतो. पण बी४५० घेताना "बायोस ५००० सिरीजसाठी अपडेट करून द्या" असं दुकानातच सांगा (बायोस म्हणजे बोर्डमध्येच असलेलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर), नाहीतर घरी आल्यावर स्क्रीन काळीच राहील. इंटेलच्या बाजूला एच६१० स्वस्त आहे, त्यात रॅमचे दोनच स्लॉट असतात, आणि १२४००एफ साठी तो पुरतो. बोर्डवर एम.२ स्लॉट (एसएसडी लावायची खाच) आहे ना, मागे यूएसबी किती आहेत, आणि वायफाय हवं असेल तर ते आहे की वेगळं घ्यावं लागेल, एवढं बघा.

रॅम आणि एसएसडी

रॅम १६ जीबी, आणि ती ८ जीबीच्या दोन कांड्यांत. एका कांडीवर प्रोसेसर अर्ध्याच रस्त्याने मेमरीशी बोलतो. अंगभूत ग्राफिक्स असेल तर हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. डीडीआर४ असेल तर ३२०० चा वेग मागा. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत डेटा सेंटरकडून मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा जुन्या व्हिडिओत ऐकलेल्या किमतीवर हिशोब मांडू नका. ओळखीत कोणाची डीडीआर४ रॅम पडून असेल तर ती जरूर वापरा. रॅम ही सेकंडहँड घ्यायला सगळ्यात कमी धोक्याची वस्तू आहे.

एसएसडी एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी, वेगवान) घ्या, शक्यतो टीएलसी प्रकारच्या, म्हणजे जास्त टिकणाऱ्या चिपची. एकटा रेड डेड रिडेम्प्शन २ दीडशे जीबी जागा मागतो, त्यामुळे ५१२ जीबीत चार मोठे गेम धड मावत नाहीत. झेपत असेल तर १ टीबी. जेन ४ (पीसीआयई ४.०) ऐवजी जुनी जेन ३ मिळाली तर गेम सुरू व्हायला एखाद-दोन सेकंद जास्त लागतात, एवढंच.

एसएमपीएस: इथे काटकसर नको

आपल्याकडे बजेट पीसीत सगळ्यात जास्त कात्री लागते ती एसएमपीएसला, कारण तो दिसत नाही आणि त्याने फ्रेम वाढत नाहीत. पण पीसीतला प्रत्येक भाग त्याच्यातून आलेल्या विजेवर जगतो. तो जाताना कार्ड आणि बोर्ड सोबत घेऊन जाऊ शकतो. वीज सारखी ये-जा करणाऱ्या गावात तर हा मुद्दा आणखी गंभीर.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा "४५० वॅट" एसएमपीएस घेऊ नका. वॅट खरे आहेत का हे तुम्ही दुकानातच तपासू शकता. एसएमपीएसच्या एका बाजूला तक्ता छापलेला असतो. त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा आणि तिथला अँपिअरचा आकडा बाराने गुणा. ३६ अँपिअर असेल तर ४३२ वॅट, म्हणजे ४५० चा दावा खरा. तिथे १६ अँपिअर दिसले तर १९२ वॅट. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर चालतात, म्हणून हाच आकडा खरा.

आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० च्या पीसीला नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ पुरतो. ८० प्लसची खूण वीज किती वाया जाते तेवढंच सांगते, आतल्या सुरक्षेबद्दल काही सांगत नाही. म्हणून वॉरंटी बघा: पाच वर्षं देणारी कंपनी स्वतःच्या मालाबद्दल काही एक खात्री बाळगून असते.

घरात जिथे पीसी ठेवणार तिथल्या प्लगला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर लावून गेमिंग पीसी चालवू नका. यूपीएसचंही असंच गणित: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. ५६०० आणि आरएक्स ६६०० चा पीसी गेम चालू असताना मॉनिटर धरून साधारण २५० वॅटच्या आसपास ओढतो, तेव्हा गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता तो पुरेल. घरातल्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा आणि त्याचं बटण यूपीएस मोडवर हवं. वीजबिलाची काळजी करणाऱ्या आईला सांगायला एक हिशोब: २५० वॅटने चार तास म्हणजे एक युनिट.

कॅबिनेट

पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. पुढे सबंध काच आणि आत रंगीत दिवे असलेलं कॅबिनेट सुंदर दिसतं, पण हवा आत येणार कुठून? नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच पस्तीस-चाळीस अंशांवर असते आणि पंखा त्याच हवेने कार्ड थंड करायला धडपडतो. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं पुरे. कोकणात आणि मुंबईत दमट हवा नि धूळ मिळून पंख्यांवर चिकट थर बसतो. दर दोन-तीन महिन्यांनी जाळी काढून ब्रशने साफ करा. ग्राफिक्स कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये बसते का, हे दोन्हींच्या माहितीत मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, ते ताडून घ्या. ५६०० च्या खोक्यात कूलर येतो आणि त्यावर पेस्टही लावलेली असते, वेगळा कूलर आत्ता नको.

दुकानात

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, यासाठी प्रसिद्ध आहे. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड. तालुक्याच्या गावी असाल तर ऑनलाइन दुकानांतले भाव आधी बघा आणि मग गावातल्या दुकानदाराशी बोला. तो दोन-तीन टक्के जास्त घेत असेल आणि वॉरंटीला माल स्वतः पाठवत असेल, तर माझ्या मते ते पैसे वसूल आहेत.

किमान तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या आणि ओळीला ओळ लावून बघा. "१६ जीबी रॅम" असं लिहिलं असेल तर कंपनी, वेग आणि कांड्या किती ते लिहून घ्या. "५५० वॅट एसएमपीएस" असेल तर मॉडेल. प्रोसेसर खोक्यातला की ट्रेमधला (खोक्याशिवाय सुटा), हेही विचारा: खोक्यातल्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेमधला कूलरशिवाय येतो आणि वॉरंटी बहुधा विकणाऱ्याच्या शब्दावर असते. भाव जीएसटी धरून आहे का ते स्पष्ट करून घ्या. सुट्या भागांवर १८ टक्के कर आहे, आणि "बिल नको असेल तर कमी करतो" या वाक्याला भुलू नका, कारण वॉरंटीसाठी बहुतेक कंपन्या बिलच मागतात. विंडोजचं लायसन्स कोटेशनमध्ये वेगळं लिहिलेलं नसेल तर टाकलेली कॉपी चोरीची असण्याचीच शक्यता जास्त.

ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, कुरिअरचं लेबल आणि भागावरचा सिरीयल नंबर दोन्ही दिसतील असा. माल तुटका निघाला तर अनेक विक्रेते तोच पुरावा मागतात.

जोडून झाल्यावर

दुकानदाराने जोडून दिला तरी या गोष्टी स्वतः तपासा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा. बोर्डला लावली तर कार्ड असून नसल्यासारखं, आणि एफ प्रोसेसर असेल तर स्क्रीन काळी. रॅमच्या दोन कांड्या चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच पळत राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर हा आकडा दिसतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडा, कारण ते आपोआप होईलच असं नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचं असेल तर बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट (दोन्ही सुरक्षेच्या सोयी) चालू हवं.

मग तासभर तुमचा सगळ्यात भारी गेम लावा आणि तापमान बघा. प्रोसेसर आणि कार्ड ऐंशीच्या आसपास राहिले तर ठीक. नव्वदीकडे जात असतील किंवा पीसी मध्येच बंद पडत असेल, तर त्याच आठवड्यात दुकानात न्या. बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या, त्याचा फोटो काढून मेलवर ठेवा, आणि कार्डाचं व बोर्डाचं खोकं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.